कुत्र्याच्या पिलाची हगवण : पहिली रात्र कशी सांभाळावी?

शेतकऱ्याच्या पशुधनाची मोजदाद करताना बैल, गाय, म्हैस, शेळी आणि कोंबडी यांची नोंद होते. कुत्र्याची मात्र सहसा कोणी आठवण काढीत नाही. वास्तविक, भुईमुगाच्या व मक्याच्या शेतात शिरणाऱ्या रानडुकरांची चाहूल प्रथम त्यालाच लागते. माणदेशातील व बारामती-इंदापूरच्या माळावरील मेंढवाड्याभोवती लांडगा फिरू लागला म्हणजे मेंढपाळाला जागे करणारा तोच असतो. राखणीचा चांगला कुत्रा बाजारात आयता मिळत नाही. तो लहानपणापासून घरात, गोठ्यात आणि बांधावर वाढवावा लागतो. आणि नेमक्या याच वाढीच्या काळात, वयाच्या पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत, अनेक पिले हगवणीने दगावतात. वासरू हगवू लागले तर शेतकरी धावपळ करतो. पिलू हगवू लागले तर "जगायचे असेल तर जगेल" असे म्हणून त्याला वळचणीला ठेवले जाते. ही समजूत बरोबर नाही. योग्य वेळी साधी काळजी घेतली, तर यांपैकी पुष्कळशी पिले वाचू शकतात.

एक नेहमीचा प्रसंग

उदाहरणादाखल असे समजू की, एका वस्तीवरील शेतकऱ्याने मार्गशीर्षात शेजारगावाहून दोन पिले आणली. एक त्याने आपल्या घरी ठेवले व दुसरे शेजाऱ्याला दिले. पिले सहा आठवड्यांची असून प्रत्येकाचे वजन सुमारे दोन किलो आहे. घरात नवे पिलू आल्याचा आनंद मोठा. दहा वर्षांचा मुलगा त्याला मांडीवरून खाली ठेवीत नाही. आजीबाईंनी कौतुकाने वाटीभर म्हशीचे दूध पाजले, दुपारी कोणी कालवणात भाकरी कुस्करून घातली, संध्याकाळी पुन्हा दूध झाले. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला पिलू पातळ, पिवळसर हगू लागले. रात्री जेवणाच्या वेळेपर्यंत चार वेळा हगवण व एकदा ओकारी झाली. शेजाऱ्याकडील पिलालाही तोच त्रास सुरू झाला.

पशुवैद्यकीय दवाखाना तालुक्याच्या रस्त्यावर, आठ मैलांवर. आणि तो आता सकाळीच उघडणार. या रात्री दोन घरांत काय केले जाते, यावर दोन्ही पिलांचे भवितव्य बरेचसे अवलंबून आहे.

पिलू कशाने दगावते?

हगवण हा स्वतंत्र रोग नसून अनेक रोगांचे एक लक्षण आहे. परंतु कारण कोणतेही असले, तरी पिलाला पहिला धोका असतो तो शरीरातील पाणी कमी होण्याचा. लहान पिलाच्या शरीरात सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणी असते. त्याचे शरीर लहान, साठा अल्प व खर्च मोठा. दोन किलो वजनाच्या पिलाच्या अंगातून शंभर ग्रॅम पाणी गेले, म्हणजे त्याच्या वजनाचा विसावा हिस्सा गेला. एवढ्यानेच ते सुकल्यासारखे दिसू लागते. याच्या दुप्पट पाणी गेले की डोळे खोल जातात, हातपाय गार पडतात व ते उभे राहू शकत नाही.

पाण्याबरोबर मीठ व इतर क्षारही बाहेर पडतात. शिवाय लहान पिलाच्या यकृतात साखरेची शिल्लक फार थोडी असते. पोट बिघडले म्हणून त्याला रात्रभर उपाशी ठेवले, तर रक्तातील साखर उतरते, पिलू थरथरू लागते आणि निपचित पडते. थोरल्या कुत्र्याला एक वेळ लंघन चालते; पिलाला ते चालत नाही. हिवाळ्याच्या रात्री थंडीची भर पडते. पाणी, साखर आणि ऊब या तीन गोष्टींचा तुटवडा एकाच रात्रीत एकत्र येतो, आणि सकाळी घरची माणसे म्हणतात, "हगवण लागली आणि एका रात्रीत गेले."

प्रथम पाहणी

औषधाकडे वळण्यापूर्वी पिलू नीट पाहावे. तत्पूर्वी एक खबरदारी अवश्य घ्यावी. पिलाला अनोळखी किंवा पिसाळलेले कुत्रे चावल्याची शंका असेल, त्याच्या स्वभावात एकाएकी फरक पडला असेल, तोंडातून लाळ गळत असेल किंवा गिळता येत नसेल, तर त्याच्या तोंडात हात घालू नये. त्याला वेगळे बांधून ठेवावे व पशुवैद्यकास ताबडतोब कळवावे. पिसाळण्याचा रोग पिलांनाही होतो. असे पिलू चावल्यास, ओरखडल्यास किंवा त्याची लाळ जखमेला लागल्यास ती जागा साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि विलंब न लावता सरकारी रुग्णालयात जाऊन लस टोचून घ्यावी.

अशी शंका नसल्यास पुढील पाच गोष्टी पाहाव्यात.

१. हिरड्या : निरोगी पिलाच्या हिरड्या गुलाबी व ओलसर असतात. त्या कोरड्या, चिकट लागल्या तर पाणी कमी झाले आहे. पांढुरक्या असल्या तर रक्त कमी झाले आहे. हिरडी बोटाने दाबून सोडली असता दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हावयास हवी.

२. कातडी : खांद्यावरील कातडी चिमटीत उचलून सोडावी. ती तत्काळ खाली बसली पाहिजे. सावकाश बसली तर पाणी बरेच गेले असे समजावे. अतिशय रोडावलेल्या पिलात ही खूण फसवी ठरते. तेथे हिरड्यांवर अधिक विश्वास ठेवावा.

३. ताप : थर्मामीटरला तेलाचे बोट लावून टोकाचा अर्धा इंच भाग गुदद्वारात धरावा. १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट हे तपमान निरोगी समजावे. ते १०३ च्या वर किंवा ९९ च्या खाली असेल, तर प्रकरण घरगुती उपचारांचे राहिलेले नाही.

४. विष्ठा : रंग, पातळपणा, वास, रक्त व जंत पाहावेत. नुसती पातळ विष्ठा वेगळी. काळीभोर डांबरासारखी, किंवा तांबडी व दुर्गंधीयुक्त विष्ठा वेगळी.

५. चलनवलन : पिलू हाक मारल्यावर कान टवकारते काय, शेपूट हलविते काय, पाणी पाहून पुढे येते काय? खेळणारे पिलू दोनदा पातळ हगले तरी घाबरण्याचे कारण नाही. मलूल पिलाबाबत मात्र एकदाच झालेली हगवणही गंभीर मानावी.

ज्या घरी ते पिलू राहिले, तेथील मुलाने कोळशाने भिंतीवर रेघा ओढण्यास सुरुवात केली, असे समजू. हगवणीची आडवी रेघ, ओकारीची उभी. ही गोष्ट क्षुल्लक दिसली, तरी दुसऱ्या दिवशी पशुवैद्यकाला तिचा फार उपयोग होतो. "पुष्कळ वेळा हगले" यापेक्षा "रात्रीतून सात वेळा हगले, दोनदा ओकले, पहाटेपासून ओकारी नाही" हे सांगणे कितीतरी मोलाचे असते.

थांबू नये, अशा खुणा

पुढीलपैकी एकही खूण दिसल्यास सकाळची वाट न पाहता पशुवैद्यकाशी संपर्क साधावा : विष्ठेत रक्त, वारंवार ओकारी, इतकी की पाणीही टिकत नाही, पांढऱ्या किंवा गार हिरड्या, उभे राहता न येणे, झटके, पोट फुगून कडक होणे, कुंथूनही केवळ आव किंवा रक्त पडणे, विष अथवा किडनाशक पोटात गेल्याचा संशय. महाराष्ट्रात फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. दवाखाना बंद असला तरी तेथे दूरध्वनी करून सल्ला विचारावा.

कुंथून केवळ आव-रक्त पडण्याचे कारण पुष्कळदा असे असते की, हगवणीच्या जोराने आतड्याचा एक भाग दुसऱ्या भागात दुर्बिणीच्या नळीसारखा शिरून अडकतो. त्यावर शस्त्रक्रियेवाचून दुसरा इलाज नाही. म्हणून ही खूण विशेष लक्षात ठेवावी.

साखर-मिठाचे पाणी

वरील खुणा नसतील, तर पहिले औषध पाणी हेच होय. परंतु नुसते पाणी पुरेसे नाही. आतड्याच्या अस्तरात साखर व मीठ बरोबरीने शोषले जातात आणि त्यांच्यामागून पाणी शरीरात ओढले जाते. हगवण चालू असतानाही ही क्रिया बहुधा शाबूत असते. १९७१ साली बांगला देशाच्या युद्धकाळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर साखर-मिठाचे पाणी पाजून पटकीच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचविले. माणसाच्या बाळाला उपयोगी पडणारे हे तत्त्व कुत्र्याच्या पिलालाही लागू पडते.

आरोग्य उपकेंद्रात किंवा औषधाच्या दुकानात मिळणारी ओआरएसची पुडी सर्वांत उत्तम. ती पुडीवर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात संपूर्ण विरघळवावी. अर्धी पुडी अंदाजाने टाकू नये. पुडी नसल्यास उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ घालावे. मीठ अधिक घातल्यास फायदा होण्याऐवजी अपायच होतो. चव घेऊन पाहावी. ते अश्रूंहून खारट लागता कामा नये. तयार केलेले पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावे.

पाजण्याची रीत महत्त्वाची आहे. वाटीभर पाणी एकदम पुढे ठेवले, तर तहानलेले पिलू ते घटाघटा पिते आणि लगेच ओकते. दोन किलोच्या पिलाला दर पंधरा-वीस मिनिटांनी एक ते दोन चमचे, म्हणजे ५ ते १० मिलिलिटर, एवढेच द्यावे. सुई काढलेली पिचकारी मिळाल्यास ती गालाच्या बाजूने दातांमागे धरून थेंब थेंब सोडावे. पिलू पोटावर बसलेले असावे व मान सरळ असावी. मान वर करून ओतल्यास पाणी फुप्फुसात जाते. बेशुद्ध किंवा गिळू न शकणाऱ्या पिलाला तोंडाने काहीही देऊ नये. ओकारी झाल्यास तासभर थांबावे व पुन्हा एका चमच्यापासून आरंभ करावा. दुसऱ्यांदाही पाणी टिकले नाही, तर शिरेतून अथवा कातडीखाली सलाईन देण्याची गरज आहे, असे समजून दवाखान्याची वाट धरावी.

याच हिशेबाने बारा तासांत दोनशे ते साडेतीनशे मिलिलिटर पाणी पोटात जाते. लहान पिलाची रोजची गरज आणि हगवणीतील तूट यांचा बराचसा भाग त्यात भरून निघतो. चमचा लहान असला, तरी रात्र मोठी आहे, हे विसरू नये.

पिलू थरथरत असेल व शुद्धीवर असेल, तर गुळाचे दाट पाणी, मध किंवा साखरेचा पाक बोटाने त्याच्या हिरड्यांवर चोळावा. अंग गार असेल तर प्रथम ऊब द्यावी. गोणपाटावर जुने लुगडे घालून त्यात पिलू ठेवावे व कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवावी. बाटली अंगाला उघडी लागू देऊ नये, आणि चुलीच्या तोंडाशी पिलू ठेवू नये.

पथ्याचे अन्न

ओकारी थांबून पाच-सहा तास झाले म्हणजे थोडे अन्न सुरू करावे. मऊ शिजवलेला, पाणीदार भात तीन भाग आणि उकडलेल्या कोंबडीचे हाडे, कातडी व चरबी काढलेले मांस एक भाग, असे मिश्रण करावे. मांसाऐवजी उकडलेले अंडे चालेल. त्यात तेल, तिखट, मसाला, कांदा व लसूण घालू नये. एक-दोन मोठे चमचे एवढेच अन्न दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे. हे पथ्य दोन-तीन दिवस पाळावे व नंतर पुढील आठवडाभरात हळूहळू नेहमीच्या आहारावर यावे. निव्वळ भात किंवा निव्वळ भाकरी हा वाढत्या पिलाचा कायमचा आहार होऊ शकत नाही, हेही ध्यानात ठेवावे. त्याला मांस, अंडी यांसारखे प्रथिनयुक्त अन्न रोज लागते.

काय करू नये?

घरातील माणसांच्या गोळ्या पिलाला देण्याची प्रथा अतिशय घातक आहे. ताप व अंगदुखीवरील पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या कुत्र्याचे यकृत, मूत्रपिंड व जठर यांना अपाय करतात. हगवण बांधणाऱ्या गोळ्यांनी आतड्याची हालचाल मंदावते व रोगकारक घाण आतच साचून राहते. उरलेल्या प्रतिजैविकांचा अर्धामुर्धा डोस देऊ नये. मेंढ्यांचे किंवा गुरांचे जंतनाशक अंदाजाने देणे तर फारच धोक्याचे. मेंढीच्या मापाने दिलेले औषध दोन किलोच्या जिवाला विष ठरू शकते. पोटावर डाग देण्याने हगवण थांबत नाही. वेदना व जखम मात्र वाढते.

हगवण कशाने होते?

रात्र निभावली म्हणजे कारणाचा शोध घ्यावा. खेड्यात चार कारणे प्रामुख्याने आढळतात.

आहारातील बदल. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश व प्रथिने पुष्कळ, परंतु दुधातील साखर गाई-म्हशीच्या दुधापेक्षा कमी असते. ही साखर पचविण्याची शक्तीही पिलू वाढत जाते तसतशी घटत जाते. म्हणून वाटीभर म्हशीचे दूध एकदम पाजले की न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते, आंबते आणि हगवण लागते. नवीन घर, प्रवास व आईचा वियोग यांचाही पोटावर परिणाम होतो. अशा पिलांची हगवण दूध बंद करून पथ्य पाळल्यास दोन-तीन दिवसांत थांबते.

जंत. गोल जंतांचा उपद्रव खेड्यातील पिलांत सर्रास आढळतो. कुत्रीच्या मांसात सुप्तावस्थेत असलेल्या जंतांच्या अळ्या गाभणपणाच्या शेवटच्या काळात जाग्या होऊन पिलांच्या शरीरात शिरतात. काही दुधावाटे जातात. त्यामुळे पिलू कधीही अंगणात उतरले नाही, तरी त्याला जंत असू शकतात. पोट नगाऱ्यासारखे, केस राठ व बरगड्या उघड्या, अशा पिलाकडे पाहून "खाऊन पिऊन पोट सुटले" असे म्हणू नये. अंकुशकृमी हे दुसऱ्या प्रकारचे जंत आतड्याला चिकटून रक्त पितात; विष्ठा काळी व हिरड्या पांढऱ्या होतात. लहान पिलू यानेच रक्तक्षय होऊन दगावू शकते.

पार्वो. हा विषाणुजन्य रोग १९७८ साली प्रथम ओळखला गेला व अल्पकाळातच जगभर पसरला. संसर्गानंतर साधारणतः चार ते सात दिवसांनी पिलू मलूल होते, अन्न सोडते, ओकते व दुर्गंधीयुक्त रक्तमिश्रित हगवण सुरू होते. आतड्याचे आतील मखमलीसारखे अस्तर हा विषाणू नष्ट करतो आणि त्याच वेळी रक्तातील पांढऱ्या पेशीही घटवितो. उपचारांवाचून बहुसंख्य पिले दगावतात. वेळीच सलाईन व शुश्रूषा मिळाली, तर बहुसंख्य वाचविता येतात. हा विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकतो व साध्या फिनाईलला दाद देत नाही. फरशी प्रथम धुऊन घेऊन, एक लिटर पाण्यात १० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर मिसळून ते पाणी दहा मिनिटे फरशीवर राहू द्यावे. मातीची जमीन पूर्णपणे शुद्ध करता येत नाही. म्हणून पार्वोने पिलू गेलेल्या घरात लस न टोचलेले दुसरे पिलू वर्षभर तरी आणू नये. पार्वो माणसाला किंवा गुराढोरांना होत नाही; परंतु माणसांच्या चपलांबरोबर व हातांबरोबर तो एका वस्तीवरून दुसरीवर जातो.

अखाद्य व विषारी पदार्थ. शिजवलेली हाडे, मेलेल्या जनावराचे मांस, उंदीर मारण्याचे औषध, किडनाशकाचे रिकामे डबे ही शेतावर नेहमी आढळणारी कारणे होत. लाळ गळणे, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होणे, अंगाला कंप सुटणे व हगवण ही लक्षणे एकत्र दिसल्यास किडनाशकाची विषबाधा समजून त्वरित दवाखाना गाठावा व किडनाशकाचा डबा सोबत न्यावा. नाशिक व सांगली भागांतील द्राक्ष बागायतदारांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. द्राक्षे व बेदाणे खाल्ल्याने काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. बेदाण्याच्या शेडमध्ये पिलू मोकळे सोडू नये.

घरातील मुलांचे आरोग्य

पिलाच्या हगवणीचा संबंध घरातील मुलांशीही पोहोचतो. गोल जंताची अंडी विष्ठेवाटे मातीत पडतात व तेथे वर्षानुवर्षे जिवंत राहू शकतात. मातीत खेळणाऱ्या मुलाच्या हातांवरून ती पोटात गेली, तर अळ्या यकृत, फुप्फुसे व प्रसंगी डोळ्यापर्यंत जातात. डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पायांच्या कातडीत शिरून खाज व नागमोडी चट्टे उठवितात. यावरील उपाय मात्र सोपा आहे. ताज्या विष्ठेतील गोल जंताची अंडी लगेच बाधक नसतात. ती पक्व होण्यास दोन आठवडे किंवा अधिक काळ लागतो. म्हणून विष्ठा रोजच्या रोज फावड्याने उचलून वस्ती, विहीर व भाजीपाल्याचे वाफे यांपासून दूर खोल पुरली, तर अंगण सुरक्षित राहते. पिलाला हाताळल्यावर मुलांनी साबणाने हात धुवावेत. पिलाने तोंड चाटू नये व मुलांच्या ताटात त्याला खाऊ घालू नये.

मेंढी-बकरी कापल्यावर कलेजी, फुप्फुसे यांतील पाण्याच्या गाठी असलेले भाग कच्चे कुत्र्याला टाकण्याची चाल तर अगदीच सोडून द्यावी. त्या गाठींतून कुत्र्याच्या पोटात फीतकृमी वाढतात व त्यांच्या अंड्यांमुळे तशाच गाठी माणसाच्या यकृतात होतात. असे अवयव खोल पुरावेत किंवा जाळावेत.

प्रतिबंधाचे वेळापत्रक

पिलू आठ आठवड्यांचे होईपर्यंत शक्यतो आईजवळच ठेवावे. जन्मानंतर पहिल्या चोवीस तासांत प्रत्येक पिलाला आईचा चीक मिळाला की नाही, हे पाहावे. नवीन घरी आणल्यावर पहिले काही दिवस जुन्याच घरचा आहार चालू ठेवावा व नवा आहार आठवडाभरात थोडा थोडा मिसळत जावा.

जंतनाशक दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या व आठव्या आठवड्यात, नंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा व पुढे दर तीन महिन्यांनी द्यावे. औषध कुत्र्यासाठीचेच असावे. त्याचे माप पिलाचे वजन करून पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावे. त्याच वेळी कुत्रीलाही औषध द्यावे.

पार्वो व डिस्टेंपर या रोगांवरील लस सहाव्या ते आठव्या आठवड्यात प्रथम टोचावी व सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा टोचावी. एकदाच लस टोचून थांबण्याची चूक पुष्कळांकडून होते. आईच्या चिकातून आलेली प्रतिकारशक्ती काही आठवडे लसीलाच निष्प्रभ करते. ही शक्ती नेमकी केव्हा ओसरेल, हे प्रत्येक पिलात वेगळे असते. म्हणूनच पुन्हा पुन्हा टोचणे आवश्यक असते. वर्षाने एक मात्रा द्यावी. तिसऱ्या महिन्यात पिसाळण्याच्या रोगाची लस टोचावी व त्यानंतर ती पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दरवर्षी द्यावी.

कार्यकर्त्यांसाठी

आपल्या भागात बहुतेक कुत्र्या हिवाळ्याच्या तोंडाशी वितात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी कार्तिक महिन्यातच वस्त्यांवरील विणाऱ्या कुत्र्यांची व पिलांची यादी करावी. पशुधन पर्यवेक्षकांशी बोलून जंतनाशकाचा व लसीकरणाचा एक दिवस ठरवावा आणि तो बाजाराच्या दिवसाला जोडून घ्यावा, म्हणजे शेतकऱ्याचा वेळ वाया जात नाही. ओआरएसच्या काही पुड्या, एक थर्मामीटर व एक पिचकारी एवढे साहित्य गावात एका ठिकाणी असावे. शाळेतील मुलांना चमच्याने पाजण्याची रीत दाखवावी. ती त्यांना लवकर येते, आणि तिचा उपयोग घरातील लहान भावंडांच्या हगवणीतही होतो.

सकाळ झाल्यावर

आता त्या दोन घरांकडे पुन्हा वळू. पहिल्या घरी आजीबाई व मुलगा यांनी पाळीपाळीने जागून चमचा चमचा पाणी पाजले. पहाटेपर्यंत भिंतीवर सात आडव्या व दोन उभ्या रेघा झाल्या. शेवटच्या तीन तासांत एकही उभी रेघ नव्हती. सकाळी पिलाने मान वर करून शेपूट हलविली. दवाखान्यात पशुवैद्यकाने विष्ठा तपासून गोल जंतांची अंडी दाखविली, वजन करून औषध दिले, लसीची तारीख लिहून दिली आणि अंगणातील मातीबद्दल मुलाला चार शब्द सांगितले.

दुसऱ्या घरी पिलाला त्या रात्री पुन्हा दूध पाजले, त्यावर तापाची अर्धी गोळी दिली व हगवण वाढली म्हणून अन्नपाणी तोडले. तिसऱ्या दिवशी विष्ठेत रक्त आले, तेव्हा त्याला गोणीत घालून दवाखान्यात नेले. तोपर्यंत शीर सापडेनाशी झाली होती. ते वाटेत परतताना गेले.

दोन्ही पिले एकाच कुत्रीची, एकाच वयाची व एकाच दिवशी आजारी पडलेली. दुसरे पिलू योग्य शुश्रूषेने खात्रीने वाचले असते, असे कोणी म्हणू शकणार नाही. कदाचित त्याचा आजारच अधिक कठीण असेल. परंतु त्याला वाचण्याची संधी मिळाली नाही, एवढे खरे. ती संधी देण्यासाठी महागडे औषध लागत नाही. स्वच्छ पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, एक जुने लुगडे आणि रात्रभर जागे राहणारे एक माणूस एवढे पुरेसे असते. उद्या जे आपल्या शेतासाठी रात्रभर जागणार आहे, त्याच्यासाठी एक रात्र जागणे कोणत्याही शेतकऱ्याला जड वाटू नये.